नळाची बारीक धार

काल संध्याकाळी डेलने दारावर दोनदा थाप मारली. मी दार उघडलं, तर तो एकच शब्द म्हणाला, "ड्रिप." आणि वळून आपल्या गाडीकडे चालता झाला.

डेल माझा शेजारी. त्याने आयुष्यभर ट्रक चालवला, बायको गेल्यावर घर विकलं आणि आता पेनसिल्व्हेनियातल्या डोंगरात, या कॅम्पग्राउंडवर, माझ्यापासून वीस पावलांवर त्याच्या जुन्या मोटारहोममध्ये, चाकांवरच्या घरात, राहतो; मीही तशाच एका गाडीत. उन्हाळ्यात इथे सायकली असतात, शेगड्यांचा धूर असतो, कुत्री एकमेकांवर भुंकतात. पानं गळली की गाड्या एकेक करून दक्षिणेला निघून जातात आणि डिसेंबरात आम्ही पाच-सहाच उरतो. आम्हाला जायला दुसरीकडे जागा नसते. हे आम्ही एकमेकांना कधी बोलून दाखवत नाही. भेटलो की पाइपांबद्दल बोलतो.

ड्रिप म्हणजे नळ बारीक सोडून ठेव. पारा फार खाली जाणार असला की ओट्याचा नळ पेन्सिलीच्या शिशाएवढी धार पडेल इतका उघडा ठेवायचा. वाहतं पाणी सहजासहजी गोठत नाही. थांबलेलं पाणी गोठतं, फुगतं आणि पाइप उकलतं. मी आत येऊन नळ सोडला. स्टीलच्या सिंकवर धार पडायला लागली आणि मी नेहमीसारखे कपड्यांच्या घड्या करण्यात हात गुंतवून घेतले. हा माझा इथला चौथा हिवाळा. या आवाजाची सवय व्हायला हवी होती.

गाडीत हिवाळा काढायचा म्हणजे दिवसभर ऐकत बसायचं. गाडी उबदार ठेवणारा फर्नेस सुरू होताना आधी पंखा घरघरतो, मग ठिणगीची टकटक, मग भप्पकन जाळ धरतो. प्रोपेन गॅस संपला की नुसती टकटक होत राहते, आणि हे हमखास पहाटेच होतं. मग पायजम्यावर जॅकेट चढवून बाहेर जायचं आणि टाकी बदलायची. पितळेच्या नटाला बोटं चिकटतात. सिंकखालच्या कपाटांची दारं उघडी टाकावी लागतात, म्हणजे आतली ऊब पाइपांपर्यंत पोचते. त्यामुळे डिसेंबर ते मार्च माझ्या घरात नुकतीच चोरी होऊन गेल्यासारखं दिसतं. डाळ शिजवली की भिंतींना घाम फुटतो. त्या घामाचा पहाटे खिडकीच्या चौकटीवर बर्फ होतो आणि त्या बर्फाला हिंगाचा वास येतो. सांगितलं तर खोटं वाटेल, पण येतो. नखाने खरवडून मी तो हुंगलेला आहे.

अण्णांनीच तो मला पहिल्यांदा दाखवला. "बघ," ते म्हणाले होते, "तुझ्या अमेरिकेच्या बर्फाला फोडणी दिली."

अण्णा म्हणजे माझे वडील. नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात ते एकतीस वर्षं व्हॉल्व्हमन होते. आमचं गाव तालुक्याचं. तिथे पाणी आठवड्यातून एकदा यायचं, उन्हाळ्यात बारा-पंधरा दिवसांनी. कोणत्या गल्लीला कधी सोडायचं याचं वेळापत्रक अण्णांच्या डोक्यात. सायकलच्या दांडीला लांब लोखंडी चावी बांधलेली असायची, वरच्या टोकाला आडवी मूठ असलेली. रस्त्यातलं झाकण उचलायचं, चावी आत सोडायची आणि दोन्ही हातांनी, अंगाचा भार देऊन फिरवायची. थोड्या वेळाने गल्लीतून ओरडा यायचा, "आलं, आलं!" पाणी जोरात आलं तर बायका त्यांना भाऊ म्हणायच्या, बारीक आलं तर मुडद्या म्हणायच्या. अण्णा दोन्हींवर सारखेच हसायचे.

बऱ्याच घरांत नळाला तोटीच नसायची. बारा दिवसांनी येणाऱ्या पाण्याला तोटी कशाला? पण मग भरून झालं तरी पाणी गटारात वाहत राहायचं. अण्णा खिशात लाकडी खुंट्या ठेवायचे. कुठे पाणी वाहताना ऐकू आलं, की सायकल लावून, चपला दाराशी काढून परक्या घरात शिरायचे. "भरून झालंय ना ताई तुमचं?" असं विचारायचे आणि खुंटी ठोकून बाहेर यायचे. वाहतं पाणी त्यांना दोन घरं पलीकडून ऐकू यायचं. त्यांनी मला जन्मात एकदाच मारलं, ते हात धुताना तांब्या उपडा केला म्हणून.

आता जे लिहायला बसलोय ते लिहितो.

तीन वर्षांपूर्वी माझी पार्सिपनीतली नोकरी गेली आणि त्याच वर्षी माझा आणि मेधाचा संसारही संपला. कशामुळे काय झालं हे मला अजून सांगता येत नाही. मेधा एडिसनला राहायला गेली, घर विकलं गेलं. आमची मुलगी ईशा तेव्हा स्टेट कॉलेजला शिकत होती, तीन मैत्रिणींबरोबर अपार्टमेंटमध्ये राहत होती. मला घरून करण्यासारखं एक कंत्राटी काम मिळालं आणि निदान एका माणसाच्या जवळ राहावं म्हणून ही जुनी गाडी घेऊन मी तिच्यापासून पाऊण तासावर येऊन राहिलो. "बाबा, यू डोन्ट हॅव टू," ती म्हणाली होती. तिने बोलावलं नव्हतं, एवढं मला कळत होतं.

अण्णांचं तिकीट मात्र आधीच काढलेलं होतं. आई जाऊन आठ महिने झाले होते. "हिवाळाभर माझ्याकडे या, एकटे राहू नका," असं मीच आग्रहाने सांगितलं होतं, घर होतं तेव्हा. खरं सांगायला मी तीन वेळा फोन हातात घेतला. तिन्ही वेळा सुनीलच्या मुलीच्या परीक्षेबद्दल बोललो. सुनील म्हणजे माझा गावाकडचा चुलतभाऊ. शेवटी दिवाळीनंतर अण्णा नेवार्कला उतरले, आणि एअरपोर्टवर त्यांच्या गळ्यातला मफलर नीट करता करता मी म्हणालो, "अण्णा, घराचं काम काढलंय. फरशा, बाथरूम, सगळं उकरून ठेवलंय. तोवर आपण गाडीत राहू, ईशाच्या जवळ. आणि मेधा नागपूरला गेलीय, तिच्या आईला बरं नाही."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. "पाइपसुद्धा बदलतोयस का?"

"हो."

"लोखंडी टाकू नको. गंजतात."

एवढंच. माझी मोठी सुटका झाली असं मला वाटलं होतं.

नोव्हेंबरातली एक दुपार मला फार स्वच्छ आठवते. गाडीच्या पोटाखालून वारा शिरू नये म्हणून मी आणि डेल चारी बाजूंनी फोमचे तक्ते लावत होतो. अण्णा कानटोपी घालून खुर्चीत बसले होते. "गाडीला परकर नेसवताय होय रे?" त्यांनी विचारलं. डेलने मला अर्थ विचारला आणि ऐकून इतका हसला की त्याच्या हातातली टेप सुटून उतारावर घरंगळत गेली. इंग्रजीतही त्याला स्कर्टिंगच म्हणतात. डेल तेव्हापासून त्या तक्त्यांना "पार्कर" म्हणतो. परवा यंदाचे लावतानाही म्हणाला. मी हसलो नाही, म्हणून मग तोही पुढची टेप फाडायला लागला.

त्या दोघांची मैत्री बघण्यासारखी होती. इथे प्रत्येक गाडीच्या जागेवर जमिनीतून वर आलेला एक उभा नळ असतो. त्याचा व्हॉल्व्ह वर नसतो; खाली, चार फूट खोल, माती गोठत नाही तिथे असतो. दांडा खाली केला की नळीत उरलेलं पाणी आपोआप मातीत निथळून जातं. डेलने हे अण्णांना हातवारे करून, शेवटी काठीने मातीत चित्र काढून समजावलं. एकाकडे मराठी, दुसऱ्याकडे ट्रकवाल्यांचं इंग्रजी, आणि दोघं अर्धा तास त्या दांड्यापाशी उभे. आत आल्यावर अण्णा मला म्हणाले, "याला म्हणतात डोकं. बंद करताना मागे काही ठेवत नाही. घात करतं ते मागे राहिलेलं पाणी."

ड्रिप मात्र त्यांना पटेना.

"रातभर वाहू द्यायचं?"

"हो, अण्णा."

"जातं कुठं?"

"खालच्या टाकीत. तिथून गटारात."

"प्यायचं पाणी?"

"हो."

त्यांनी धारेखाली ओंजळ धरली. "एवढ्यात किती घरं भरतील रे?"

मी म्हणालो, "इथे तसं मोजत नाहीत. तुम्ही फक्त नळ चालू राहू द्या. बाकी प्रश्न विचारू नका."

हे वाक्य मला नंतर फार सलत राहिलं. वाहतं ठेवलं नाही तर पाणी आतल्या आत गोठून पाइप फुटतो, हे सांगायला किती वेळ लागला असता? दोन मिनिटं. डेलने काठीने मातीत जेवढं सांगितलं, तेवढंही मी मराठीत सांगितलं नाही. कारण पाइपांचा विषय निघाला की अण्णा घराच्या कामाबद्दल विचारायचे. फरशीचा रंग कोणता निवडलास? प्लंबर भरवशाचा आहे का? काही अडचण नाही ना? आणि मग मला पुढचं खोटं रचावं लागायचं. म्हणून मी आमच्यातला पाण्याचा विषयच बंद करून टाकला. आयुष्यभर जो माणूस पाण्याबद्दलच बोलत आला, त्याच्याशी.

अण्णांनी त्यातून आपला मार्ग काढला. धारेखाली पातेलं ठेवलं. ते भरलं की दुसरं, मग कुकर, मग ईशाचा पिकनिकचा आइसबॉक्स. रात्री उठून भांडी बदलायचे. झोपेत मला झाकणाचा आवाज यायचा. सकाळी त्या पाण्याचा चहा, त्याच पाण्यात भांडी, कपडे, अंघोळ. ईशा शनिवारी आली की म्हणायची, "आजोबा, यू आर अ वन-मॅन वॉटर डिपार्टमेंट!" मी त्यांना अर्थ सांगितला. ते ताठ बसून म्हणाले, "मग? पेन्शन फुकट घेत नाही मी." ईशाला त्यांनी त्या हिवाळ्यात चावीचं गणित शिकवलं, किती आटे फिरवले की किती गल्ल्यांना दाब मिळतो ते. ती वहीत आकृत्या काढायची. अर्ध्या इंग्रजीत, अर्ध्या मराठीत त्यांचं काय काय चालायचं. मी कानाला हेडफोन लावून काम करत असायचो, किंवा तसं दाखवत असायचो.

संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यात थंडीची लाट आली. आभाळ काचेसारखं निळं झालं. डेलच्या मिशीवर बर्फ धरला. पहिला दिवस निभावला, दुसरा निभावला. फर्नेस थांबायचं नाव घेत नव्हता.

तिसऱ्या दिवशी सकाळी उठलो तेव्हा गाडी गप्प होती, धारेचा आवाज नव्हता. अण्णा शेगडीपाशी चहा टाकत होते. "नळाला पाणी नाही आलेलं," ते सहज म्हणाले, गावातल्यासारखं. "पण काळजी नको. आहे भरलेलं."

जमिनीवर, भिंतीला लावून, ओळीने सगळं मांडलेलं होतं. कुकर, दोन पातेली, आइसबॉक्स, बादली, धुऊन घेतलेला कचऱ्याचा डबा, माझे कॉफीचे मग, अगदी आमटीच्या वाट्यासुद्धा. सगळ्यांवर झाकणं किंवा ताटल्या. सगळं काठोकाठ.

"नळ कोणी बंद केला?"

"मी. सगळं भरलं होतं रे. ठेवायला काही उरलं नव्हतं. म्हटलं, सकाळी एखादं भांडं रिकामं झालं की परत सोडू."

मी केस वाळवायचं यंत्र घेऊन सिंकखाली आडवा झालो आणि पाइपावर गरम हवा मारत राहिलो. अण्णा बाजूला उकिडवे बसून टॉर्च धरत होते. त्यांना वाटत होतं की आपण दोघं मिळून काहीतरी दुरुस्त करतोय. मधे एकदा म्हणालेसुद्धा, "लहानपणी तू माझा कंदील धरायचास, आता मी तुझा." दहा वाजता माझी मीटिंग होती. मी लॅपटॉप जमिनीवरच उघडून ठेवला होता. पावणेदहाच्या सुमाराला पाइपात काहीतरी करकरलं. बर्फ सुटला. आणि जिथे पाइप रात्रीच उकलला होता तिथून, सिंकच्या मागून, पाणी फाटक्या आवाजात बाहेर आलं.

गाडीतलं पाणी घरातल्यासारखं पसरत नाही. त्याला जायला जागाच नसते. बघता बघता पावलं पाण्यात बुडाली. लॅपटॉप गेला, माझं अंथरूण गेलं, ईशाची आकृत्यांची वही तरंगायला लागली. मी आरडाओरडा करत दाराकडे धावलो. डेलने तो ऐकून बाहेरचा दांडा खाली केला तेव्हा कुठे पाणी थांबलं. मागे वळून पाहिलं तर अण्णा अनवाणी त्या बर्फाळ पाण्यात गुडघे टेकून बसले होते. स्वेटर छातीपर्यंत भिजला होता आणि दोन्ही तळवे त्यांनी फुटलेल्या पाइपावर दाबून धरले होते. पाणी थांबलंय हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

आणि मी त्यांना म्हणालो, "एकतीस वर्षं हेच केलंत ना? लोकांचं पाणी बंद करत फिरलात! दुसरं काय येतं तुम्हाला? माझं एवढं एक उरलं होतं, तेही बुडवलंत!"

शब्द हेच होते. सौम्य करून लिहावेत असं वाटलं होतं. दोन वेळा तसं लिहून खोडलं. दारात डेल उभा होता. त्याला भाषा कळत नव्हती, पण त्याने मान खाली घातली.

अण्णांनी पाइपावरचे हात काढले. टॉवेल घेतला, जमीन पुसली, टॉवेल डेलने आणलेल्या टबात पिळला. परत पुसली, परत पिळला. टब भरला तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहून विचारलं, "हे टाकू का?" पाणी फेकण्याआधी त्यांनी परवानगी विचारली, आणि मी भिजलेला लॅपटॉप झटकत राहिलो.

नवा पाइप मिळून बसेपर्यंत तीन दिवस गेले. त्या तीन दिवसांत आम्ही अण्णांनी भरून ठेवलेलं पाणी प्यायलो. वाटीतलं, मगातलं, कुकरमधलं. त्याच पाण्याचा चहा ते मला करून द्यायचे आणि मी घ्यायचो. त्यांच्यामुळे फुटलं, हे मी ओरडून सांगितलं होतं. त्यांच्यामुळे भागतंय, हे कप हातात धरून, समोर बसूनही सांगितलं नाही. तीन दिवस म्हणजे किती चहा झाले असतील! प्रत्येक कप हा एक मोका होता.

चौथ्या दिवशी ते म्हणाले, "ईशाला सांग, तिकीट अलीकडचं मिळतंय का बघ. सुनीलच्या मुलीला बघायला येताहेत. घरात मोठं माणूस लागतं."

सुनीलची मुलगी तेव्हा नववीत होती. खोटं बोलण्यात अण्णा माझ्याइतके मुरलेले नव्हते. पण मी ते मानून घेतलं, जसं त्यांनी माझं मानून घेतलं होतं.

एअरपोर्टवर सिक्युरिटीच्या रांगेत शिरण्याआधी त्यांनी मफलर काढून माझ्या हातात दिला. "तिकडे काय कामाचा? तुझ्याकडे राहू दे." दोन पावलं गेले आणि वळून म्हणाले, "घराचं काम झालं की कळव."

पुढच्या दीड वर्षात आमचे फोन व्हायचे. हवापाणी, तब्येत, सुनील. आज बोलू, उद्या बोलू. मग हळूहळू अण्णा एकच गोष्ट दोनदा विचारायला लागले, मग चारदा. एकदा सुनील म्हणाला, "दादा, काका घर चुकले. खालच्या आळीत कोणाच्या तरी अंगणात जाऊन नळ बंद करत होते." ऐकून आम्ही दोघं हसलो होतो. हसलो, हे खरं आहे.

मी गावी गेलो तेव्हा अण्णा सुनीलच्या ओट्यावर बसले होते. हातातली काठी जमिनीच्या फटीत रोवून दोन्ही हातांनी फिरवत होते. एक आटा, दोन आटे, अंगाचा भार देऊन. मी समोर बसलो.

"कोणती गल्ली तुमची?" त्यांनी विचारलं.

"अण्णा, मी अवी."

"हो हो. पण गल्ली कोणती?"

विमानात पंधरा तास जे घोकत आलो होतो ते मी तरीही बोललो. "अण्णा, मी तुम्हाला फार वाईट बोललो होतो. त्या थंडीत. माझं चुकलं."

त्यांनी काठी थांबवली. चेहरा अगदी मवाळ झाला. "बोलतात हो लोक," ते म्हणाले. "पाणी नाही आलं की माणूस बोलणारच. मनावर घेऊन कसं चालेल? उद्या सकाळी सोडतो तुमच्या गल्लीला."

माफी मिळाली. पण ती त्या गल्लीला मिळाली, जिथे मी राहत नाही. सुनीलच्या बायकोने आतून चहा आणला. अण्णांनी आपला कप माझ्यापुढे सरकवला, "घ्या, पाहुणे." पंधरा दिवस राहिलो. एकदाही 'अवी' आलं नाही तोंडून. 'अहो' आलं.

गेल्या वर्षी ईशा नोकरीसाठी सिअ‍ॅटलला गेली. तिचं सामान गाडीत भरताना मी काहीतरी म्हणालो, अण्णांना शेवटपर्यंत घराचं कळलं नाही ते एक बरं झालं, असं काहीतरी. ती हातातला खोका खाली ठेवून उभी राहिली.

"बाबा, ही न्यू."

"काय?"

"आजोबांना माहीत होतं. फर्स्ट वीकेंडलाच त्यांनी मला विचारलं, घर गेलं ना? आई पण गेली ना? आय कुडन्ट लाय टू हिम."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"नको म्हणाले. म्हणाले, त्याला सांगू दे."

म्हणजे नोव्हेंबर, डिसेंबर, अर्धा जानेवारी ते वाट बघत होते. फरशीचा रंग कोणता निवडलास. प्लंबर भरवशाचा आहे का. काही अडचण नाही ना. रोज एक झाकण उचलून, चावी आत सोडून ते उभे राहत होते, आणि मी रोज आतून सांगत होतो, काही नाही, सगळं ठीक चाललंय. व्हॉल्व्ह किती घट्ट बसलाय हे त्यांना हाताला कळलं असेल. त्यांनी जोर केला नाही. जुन्या व्हॉल्व्हला जोर केला तर तो तुटतो, हे त्यांनीच मला शिकवलं होतं.

ईशा आता तिकडे, मेधा एडिसनला. माझं कंत्राटी काम कुठूनही करता येतं, तरी मी इथेच आहे. डेलने एकदा विचारलं होतं, आता का थांबलायस? मी पाइपांबद्दल काहीतरी बोललो.

आज रविवार. सकाळी, म्हणजे तिकडच्या संध्याकाळी, सुनीलचा व्हिडिओ कॉल आला. अण्णा खुर्चीत होते, बारीक झालेले, दाढी वाढलेली. माझ्याकडे पाहून त्यांनी ओळखीच्या नसलेल्या माणसाला करतात तसा नमस्कार केला. मी मफलर घालून बसलो होतो, मुद्दाम. त्यांनी मफलरकडेही पाहिलं नाही. सुनील शेजारून बोलत राहिला, काका हल्ली काही ऐकत नाहीत, जेवायला तेवढं उठतात.

मग अण्णांनी एकदम मान वर केली. कान दिला.

"कोणाचा नळ चालू आहे?"

"कुठे काका?" सुनील म्हणाला. "आपल्याकडे परवा येणार पाणी."

अण्णांनी बोट फोनकडे केलं, माझ्याकडे. "त्या घरात. वाहतंय. बंद करायला सांग त्यांना, भरून झालंय त्यांचं."

काल डेलने सांगितल्यापासून धार चालूच होती. मी ती विसरलो होतो. सात समुद्रांपलीकडून, सुनीलच्या फोनच्या फुटक्या स्पीकरमधून ती त्यांना ऐकू गेली. मी उठलो. बाहेर पारा शून्याच्या कितीतरी खाली होता. मी त्यांच्या देखत नळ बंद केला.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं, अण्णा."

त्यांचे खांदे सैल पडले. हात मांडीवर आले. ते खुर्चीत मागे टेकले, आणि थोड्या वेळाने सुनील म्हणाला, "झोपले बघ, दादा." आम्ही फोन ठेवला.

गाडी गप्प होती. मी घड्याळ लावून बसलो नव्हतो, पण पुष्कळ वेळ तसाच बसून राहिलो. सिंकखालच्या उघड्या कपाटातून गार हवा येत होती. मग उठून मी नळ परत सोडला, ते झोपलेले असताना, त्यांच्या पाठीमागे. पेन्सिलीच्या शिशाएवढी धार. फक्त या वेळी खाली पातेलं ठेवलं.

ते आता भरत आलंय. कुकर धुऊन ठेवलाय. त्यानंतर बादली आहे, कॉफीचे मग आहेत, वाट्या आहेत. थंडी अजून चार दिवस राहणार म्हणतात. सगळं भरल्यावर काय करायचं, ते मला ठाऊक नाही.